पट्ट्यावरचा पंखा

आप्पांचा हात भाजला तेव्हा गाडी उभीच होती. पळस्पे फाट्याच्या अलीकडे, मे महिन्यातली शनिवारची दुपार, पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि मध्ये आमची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी. पंचवीस मिनिटं एकाच जागी. आधी तापलेल्या रबराचा वास आला, मग बोनेटच्या फटीतून वाफ. आप्पांनी कशीबशी गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं, फडकं हातावर गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. आयुष्यात हे त्यांनी शेकडो वेळा केलं असेल. त्या दिवशी फडकं सरकलं.

आप्पा म्हणजे माझे मोठे काका. १९७६ ते २००४ त्यांनी मुंबईत टॅक्सी चालवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत फियाटच. ही गाडी त्यांनी १९९१ मध्ये जुनी म्हणून घेतली, घरासाठी. मनगटापासून कोपरापर्यंत मलमपट्टी करून आम्ही रात्री घरी आलो, तेव्हा काकू त्यांना एक शब्द बोलली नाही. मला म्हणाली, "तू इंजिनियर ना? मग याचं काहीतरी कर."

मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर स्क्रीनवर जे करतो त्याचा वाफेशी काही संबंध नाही. पण घरात एकदा इंजिनियर झालात की मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं तुमच्याकडेच येतं. शिवाय उपाय मला माहीत होता. पद्मिनीचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काढायचा आणि रेडिएटरला विजेवरचा पंखा लावायचा. अनेक हौशी लोकांनी आपल्या जुन्या फियाटींना हे केलेलं आहे. आप्पांना सांगितलं तर त्यांनी डाव्या हाताने चहाचा कप खाली ठेवला.

"फियाटवाले येडे होते काय? त्यांना विजेचा पंखा माहीत नव्हता?"

प्रश्न रागाने विचारलेला होता, पण बरोबर होता. त्याचं उत्तर शोधायला गेलो आणि महिनाभर त्यातच अडकलो.

आधी पंख्याबद्दल. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात जातो. ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहतं आणि हवा त्यातली उष्णता घेऊन जाते. गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल तर सेकंदाला सोळा-सतरा मीटर वेगाचा वारा आपोआप रेडिएटरवर येतो. तेव्हा पंखा असला काय, नसला काय. पंखा लागतो तो गाडी हळू चालताना किंवा उभी असताना.

आणि पद्मिनीत गंमत अशी की गाडी उभी असताना पंखा सगळ्यात हळू फिरतो. तो वॉटर पंपाच्या दांड्यावर बसवलेला, आणि पंप पट्ट्याने क्रँकशाफ्टला बांधलेला. इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजार असले तर पंखा जोरात, आठशे असले तर पंखा पाचपट हळू. वारा साधारण त्याच प्रमाणात कमी होतो. उलट पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे पाचपट वेगाला सव्वाशेपट ताकद. हायवेवर, जिथे त्याची गरजच नाही तिथे, पंखा इंजिनाची ताकद खात बसतो. सिग्नलला, जिथे खरी गरज तिथे, डुलक्या काढतो.

कॉलेजात हे कुणी मला डिझाइन म्हणून दाखवलं असतं तर मी हसलो असतो. आता हसू येत नाही.

या गाडीची कुळकथा १९३७ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी इटलीत तूरिनच्या फियाटने १०८९ सीसीचं एक चार सिलेंडरी इंजिन आणलं. त्या गाडीच्या घडणीत दान्ते जाकोझा नावाच्या तरुण इंजिनियरचा मोठा वाटा होता. १९५३ मध्ये त्याच इंजिनाची सुधारित आवृत्ती घेऊन नवीन ११०० आली. इकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज, प्लिमथ जोडल्या गेल्या, नंतर फियाट आली. १९६४ पासून ११०० डी, आणि नावं बदलत बदलत १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. इंजिन तेच, १०८९ सीसी.

सोलापूरचे हे वालचंद मला आधी फक्त इंजिनियरिंग कॉलेजच्या नावापुरते माहीत होते. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम १९२० च्या दशकात त्यांच्याच बांधकाम कंपनीने केलं होतं. म्हणजे ज्या डोंगरात त्यांच्या माणसांनी सुरुंग लावले, त्याच डोंगरावर पुढे त्यांच्या कंपनीच्या गाड्या वाफा सोडत चढल्या.

बोरघाटाशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण पाचशे मीटरांचा चढ. गाड्यांचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला, गव्हर्नर माल्कमच्या काळात. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली अशी कथा आहे, त्या शिंगरोबाचं देऊळ जुन्या रस्त्यावर आहे आणि ड्रायव्हर अजून तिथे नाणं टाकतात. माझ्या लहानपणी पनवेलहून लोणावळ्याला जायचं म्हणजे डिकीत पाण्याचे दोन कॅन आधी. खोपोलीला थांबून बोनेट उघडायचं हा रिवाजच होता, गाडी तापलेली असो वा नसो.

त्यामुळे मी धरून चाललो होतो की पट्ट्याचा पंखा हरतो तो घाटात. आप्पांनी मला खोडून काढलं. "घाटात फियाट कधी दगा देत नाही. दुसऱ्या गियरवर टाकायची आणि रेटत न्यायची. दगा देते ती सायनच्या सिग्नलला."

कागदावर मांडून पाहिलं तर म्हातारा शंभर टक्के बरोबर. दुसऱ्या गियरमध्ये चढताना गाडी हळू असते पण इंजिन जोरात फिरत असतं, म्हणून पंखाही जोरात फिरतो. जितकी मेहनत, तितका वारा. चढावर पट्ट्याचा पंखा अगदी शहाण्यासारखा वागतो. आजसुद्धा मोठ्या ट्रकचे पंखे इंजिनाच्याच ताकदीवर फिरतात, फक्त मध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटर थंड असला की तो पंख्याला सैल सोडतो, तापला की घट्ट धरतो. घाटात शेजारून जाणारा ट्रक एकाएकी वेगळ्याच आवाजात गरजायला लागतो ना, तो बहुतेक वेळा हा पंखा असतो. एवढा मोठा पंखा विजेवर फिरवणं ट्रकला परवडत नाही.

तर फियाटवाले येडे नव्हते. त्यांनी चालत्या गाडीचा पंखा बनवला होता. १९५३ मधल्या तूरिनमध्ये किंवा १९६४ मधल्या मुंबईत गाडी बहुतेक वेळ चालतच असे. तासन्‌तास एका जागी इंजिन चालू ठेवून उभं राहणं हा गाडीचा उपयोग असू शकतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

आणि एकदा ते शब्दशः त्यांच्याच डोक्यात आलं. म्हणजे कारण वेगळं होतं, पण उत्तर तेच निघालं.

१९५९ मध्ये इंग्लंडमध्ये मिनी आली. तिच्यात इंजिन आडवं बसवलेलं होतं, चालना पुढच्या चाकांना, त्यामुळे छोट्या गाडीत माणसांना भरपूर जागा. पण आडव्या इंजिनाचा पट्टा गाडीच्या कुशीकडे येतो, नाकाकडे नाही. पट्ट्याच्या पंख्यासमोर रेडिएटर ठेवायचा तर तो कुशीतच ठेवावा लागतो. मिनीत तसाच ठेवला, चाकाच्या बाजूला, जिथे समोरचा वारा नीट पोचत नाही. जाकोझाने वेगळा रस्ता काढला. रेडिएटर नाकाशीच ठेवायचा, समोर, आणि पंख्याचं इंजिनाशी असलेलं नातंच तोडायचं. पंख्याला स्वतःची विजेची मोटर द्यायची आणि तापमान पाहून ती चालू-बंद करणारा स्विच. फियाट १२८ ही त्याची गाडी १९६९ मध्ये बाजारात आली आणि पुढच्या वर्षी युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. आज तुमच्या घरासमोर उभी असलेली छोटी गाडी बहुतेक याच मांडणीची आहे.

इथे मी खुर्चीत जरा सरळ बसलो. कारण फियाट १२८ इटलीत ज्या गाडीच्या जागी आली, ती गाडी होती ११००. आपली पद्मिनी! ज्या माणसाने पट्ट्याच्या पंख्याची गाडी घडवली, त्यानेच ती विजेच्या पंख्याच्या गाडीने निवृत्त केली. तिकडे १९६९ मध्ये ११०० चा विषय संपला. इकडे कुर्ल्यात ती त्यानंतरही तीस वर्षं बनत राहिली.

तीस वर्षं! आमच्या धंद्यात तीन वर्षांपूर्वीच्या कोडला लोक 'पुराणकालीन' म्हणतात.

का बनत राहिली, याचं उत्तर यंत्रात नाही, दिल्लीत आहे. किती गाड्या बनवायच्या, बाहेरून काय आणायचं, याला परवाना लागे. त्याच १९६९ मध्ये केंद्र सरकारने गाड्यांच्या विक्रीच्या किमती ठरवून देणारा आदेश काढला आणि त्यावरून प्रीमियर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून उभं, किंमत सरकारच्या हातात, नवीन मॉडेलसाठी लागणारं परकीय चलन दुर्मीळ. अशा वेळी पंखा बदलण्याची गरज कुणाला वाटणार? मला यात कंपनीला एकटीला दोषी धरवत नाही. पण एक खरं, या तीस वर्षांत ज्यांनी बोनेट उघडून फडकं हातावर गुंडाळलं, त्यांच्यापैकी कुणालाही कुणी विचारलं नव्हतं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आडव्या इंजिनाची, विजेच्या पंख्याची. आणि १९९६ मध्ये खुद्द कुर्ल्यात फियाट ऊनो बनू लागली. तिचंही इंजिन आडवं, तिचाही पंखा विजेचा. पद्मिनी तेव्हाही बनतच होती. जाकोझाची जुनी आणि नवी पिढी एकाच वेळी कुर्ल्याशी नातं सांगत होती.

मधल्या काळात मुंबई बदलली होती. काळ्यापिवळ्या टॅक्सींची संख्या साठ हजारांच्या आसपास गेली, बहुतेक पद्मिनी. रस्ते तेवढेच. आप्पा सांगतात की सत्तरच्या दशकात दादर ते फाउंटन त्यांचा पाय क्लचवर क्वचित असायचा, आणि नव्वदमध्ये क्लचवरून निघायचा नाही. मग सीएनजी आला. पेट्रोल आत शिरताना त्याची वाफ होते, ती होताना थोडी उष्णता शोषली जाते. गॅस आधीच गॅस असतो, तेवढा गारवाही गेला. टॅक्सीवाल्यांचे उपाय ठरलेले. थर्मोस्टॅट काढून टाकायचा, बोनेट किलकिलं ठेवायचं, सिग्नलला न्यूट्रल करून ॲक्सिलरेटर दाबायचा.

हा शेवटचा उपाय मला लहानपणी आप्पांची खोड वाटायची. उभ्या गाडीत घूंऽऽ घूंऽऽ. आता कळतं की ते पायाने पंखा फिरवत होते.

आणि पनवेल? १९७० मध्ये सिडको आली, १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं, २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला. कळंबोली सर्कलला आणि पळस्पे फाट्याला उभं राहून पाहा, देशाचा माल आपल्या नाकासमोरून सरकताना दिसतो. सरकताना म्हणजे, सरकला तर. आप्पा मुंबईची कोंडी सोडून निवांत पनवेलला राहायला आले आणि कोंडी त्यांच्या मागोमाग आली.

तर आता पंखा बदलायचाच, असं मी ठरवलं. हात बरा होईपर्यंत आप्पांचं काही चालणार नव्हतं, याचा थोडा फायदाही घेतला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या स्पेअरपार्टच्या बाजारातून मारुती ८०० चा पंखा आणला. तिथून प्रीमियरचा कारखाना होता ती जागा लांब नाही. आज तिथे कोहिनूर सिटी आहे. रस्त्याला मात्र अजून प्रीमियर रोडच म्हणतात.

पनवेलच्या आमच्या मेकॅनिकने पंखा हातात घेऊन मला एकच प्रश्न विचारला. "करंट कुठून आणणार?"

इथे माझं गणित चुकलं होतं. आमच्या गाडीत डायनामो आहे. तो देऊन देऊन विसेक अँपिअर देतो, तेही इंजिन जोरात फिरत असताना. नुसत्या आयडलिंगला तो जवळजवळ काहीच देत नाही, डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणत राहतो. विजेचा पंखा आठ-दहा अँपिअर ओढणार, आणि तो चालणार नेमका आयडलिंगला. वर हेडलाइट आणि वायपर. म्हणजे पावसाळ्यात रात्री कोंडीत बराच वेळ अडकलो तर बॅटरी बसणार. पट्ट्याच्या पंख्याचा जो रोग तोच डायनामोचा. दोघेही इंजिनाच्या वेगाचे मिंधे.

यावरचा उपाय अल्टरनेटर. तो कमी वेगालाही पुरेशी वीज देतो, पण ती उलटसुलट वाहणारी असते, तिला एका दिशेला वळवायला सिलिकॉनचे डायोड लागतात. गाडीत मावतील इतके लहान आणि परवडतील इतके स्वस्त डायोड साठच्या दशकाच्या तोंडावर मिळायला लागले. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर सरसकट दिला. आता आप्पांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळालं. १९५३ मध्ये फियाटवाल्यांना विजेचा पंखा सुचला असता तरी तो फिरवायला त्या गाडीत वीज नव्हती. पंख्याआधी डायोड यावा लागला. ज्या सिलिकॉनवर माझं पोट चालतं, त्याचाच तो जुना भाऊबंद.

अल्टरनेटर बसवला. जुना पंखा काढला, वॉटर पंप पट्ट्यावर तसाच ठेवला. नवीन पंखा रेडिएटरच्या मागच्या अंगाला, हवा आत ओढेल असा. दिशा उलटी झाली तर तो समोरच्या वाऱ्याशीच भांडत बसतो, आणि आमचा पहिल्यांदा तसाच बसला होता. तारा अदलाबदल केल्यावर मोटर उलटी फिरली, पण पात्यांचा बाक काही उलटा होत नाही, त्यामुळे वारा नीट लागेना. शेवटी मुकाट्याने दुसरं पातं आणलं. मग थर्मोस्विच, रिले आणि फ्यूज.

आप्पा प्लास्टर केल्यासारखा हात छातीशी धरून बाजूला खुर्चीवर बसले होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "फ्यूज उडाला तर मला कसं कळणार?"

मी म्हटलं, गाडी तापेल तेव्हा कळेल.

"आधी पट्टा तुटला की लाल दिवा लागायचा. तेव्हाच कळायचं."

मी गप्प झालो. डायनामो, वॉटर पंप आणि पंखा, तिन्ही एकाच पट्ट्यावर. पट्टा तुटला की डायनामो थांबतो, दिवा लागतो. दिवा बॅटरीचा, पण इशारा पंख्याचाही. एक पैसा जास्त न घालता केलेली देखरेख. आमच्याकडे एखादी सिस्टम गपचूप बंद पडू नये म्हणून वेगळी यंत्रणा उभारतात आणि त्यासाठी माणसं नेमतात. मी ती पट्ट्याबरोबर काढून टाकली होती आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी वाढवल्या. पंख्याच्या मोटरपर्यंत वीज पोचली की लागणारा छोटा हिरवा दिवा, फ्यूजच्या पलीकडून जोडलेला. आणि स्टिअरिंगखाली एक साधा बटण-स्विच, हाताने पंखा चालू करायला. दाबलं आणि हिरवा लागला नाही तर समजायचं फ्यूज गेला. आप्पांनी स्विच दोन-तीनदा खालीवर करून पाहिला आणि काही बोलले नाहीत. काढलेला पंखा त्यांनी रॉकेलने पुसून वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पलंगाखाली ठेवला. टाकून देणार का, हे मी विचारलं नाही.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी कायमची गेली. वीस वर्षांची मर्यादा होती, शेवटची गाडी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली होती. बातमी आली तेव्हा आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला होता, एवढंच आठवतं.

जुलैमध्ये, हाताची कातडी सगळी नवीन आल्यावर, आम्ही जुन्या रस्त्याने खंडाळ्याला गेलो. पळस्प्याला कोंडी होतीच. थर्मोस्विच काही करायच्या आधीच आप्पांचा डावा हात स्टिअरिंगखाली गेला. मी विचारलं, तापली हे कसं कळलं? म्हणाले, "आवाज जड झाला." मला काहीच फरक ऐकू आला नव्हता. थोड्या वेळाने सुटलो तेव्हा त्यांनीच स्विच बंद केला. घाटात पंख्याला हात लावला नाही. शिंगरोबाला नाणं टाकलं, दुसऱ्या गियरवर रेटत वर नेली.

खंडाळ्याला पोचल्यावर गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली आणि ते खाली उतरले. बोनेटखाली पंखा आपोआप चालू झाला. इंजिन बंद आणि पंखा चालू, हे त्यांनी या गाडीत कधीच पाहिलेलं नव्हतं. त्यांनी खिसा चाचपला, किल्ली बाहेर काढून माझ्यासमोर धरली.

"बंद केली ना मी?"

"केलीत."

मग पाऊस भुरभुरत असताना आम्ही दोघं बोनेटजवळ उभे राहिलो, तो थांबेपर्यंत.